कोणत्या नियमाने?

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात एका माणसाने अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं. ही गोष्ट १९६४ सालची. माणसाचं नाव प्रभाकर पांडुरंग संझगिरी, कम्युनिस्ट चळवळीतले कार्यकर्ते. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी पुकारलेली आणीबाणी अजून उठलेली नव्हती, आणि भारत संरक्षण नियमांखाली महाराष्ट्र सरकारने त्यांना स्थानबद्ध केलं होतं. स्थानबद्ध म्हणजे खटला नाही, आरोपपत्र नाही, शिक्षाही नाही. हा माणूस बाहेर असू नये असं सरकारला वाटतं, म्हणून तो आत. आत बसून त्यांनी जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव 'अणूच्या अंतरंगात'. अणूच्या पोटातले सूक्ष्म कण, पुंजवाद, हे सगळं सर्वसामान्य मराठी वाचकाला कळावं म्हणून लिहिलेलं. लिहायला सरकारनेच परवानगी दिली होती.

अडचण पुढे आली. सप्टेंबर १९६४ मध्ये संझगिरींनी सरकारकडे अर्ज केला, की हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू द्यावं. उत्तर यायला सहा महिने लागले. २७ मार्च १९६५ च्या पत्राने सरकारने नकार कळवला. मग त्यांनी तुरुंगाच्या अधीक्षकांकडे अर्ज केला. तिथेही नकार. तेव्हा त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

न्यायालयात सरकारने काय सांगितलं, ते वाचण्यासारखं आहे. पुस्तक धोकादायक आहे, असं सरकार म्हणालं नाही. देशाच्या संरक्षणाला त्यातून बाधा येईल, असंही म्हणालं नाही. म्हणणं एवढंच, की स्थानबद्ध माणसाला पुस्तक छापू देण्याचं आमच्यावर कायद्याने बंधन नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली, हे शुद्ध विज्ञानाचं पुस्तक आहे असं मत नोंदवलं आणि संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. अणूवरचं एक मराठी पुस्तक तुरुंगाबाहेर जाऊ नये म्हणून राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर १९६५ चा. तारीख लक्षात ठेवावी अशी आहे. त्याच दिवशी भारतीय सैन्याने लाहोर आघाडीवर आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली होती. देश युद्धात होता, आणि दिल्लीत न्यायालय एका स्थानबद्धाच्या हस्तलिखितावर निर्णय देत होतं. सरकारचा युक्तिवाद असा होता: स्थानबद्धांना काय काय मिळेल त्याची यादी नियमांत दिली आहे. जेवण, पत्रं, नातेवाइकांच्या भेटी वगैरे. पुस्तक छापणं त्या यादीत नाही. जे यादीत नाही ते त्याला मागता येणार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी ही मांडणीच उलटी केली. ते म्हणाले त्याचा आशय असा, की ही यादी म्हणजे कैद्याला दिलेल्या सवलती नव्हेत. त्याचं स्वातंत्र्य कुठल्या अटींवर आणि किती कमी करता येईल, एवढंच ती सांगते. पुस्तक बाहेर पाठवू नये असं नियमांत कुठे लिहिलेलं नाही, तर पुस्तक अडवता येणार नाही. सरकारचं अपील फेटाळलं गेलं.

म्हणजे नियमांत परवानगी कुठे आहे, हे कैद्याने दाखवायचं नाही. मनाई कुठे आहे, हे तुरुंगाने दाखवायचं. सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

हा खटला मला माहीत असण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. मी मालवणकडे उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड.ला घटना शिकलो ती परीक्षेपुरती. तुरुंगाशी आमच्या घराचा कधी संबंध आला नाही, अल्लाहची मेहेरबानी. संझगिरींचं नाव मला कळलं ते एका मुलाच्या पत्रांमुळे.

सातवीतला मुलगा. वडील ट्रकवर ड्रायव्हर. एका मालवाहतुकीच्या प्रकरणात नाव आलं आणि घाटावरच्या एका तुरुंगात कच्चे कैदी म्हणून गेले. खटला उभा राहायचा होता. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. शहर परकं, ओळखीचं कोणी नाही. कोण उभा राहणार? मालवणहून भेटीला जायचं म्हणजे एसटीने रात्र काढायची, सकाळी तुरुंगाच्या दारात रांगेत उभं राहायचं, जाळीपलीकडून काही मिनिटं बोलायचं आणि परत यायचं. एका फेरीत आठवड्याची मजुरी जाते. त्यामुळे आई दोन-तीन महिन्यांतून एकदा जायची आणि मुलगा पत्रं लिहायचा.

पत्रं उर्दूत. मुलाला मराठी येतं, आमच्या शाळेत सगळ्यांनाच शिकवतो. पण त्याच्या अब्बांची शाळा चौथीत सुटली, तीही उर्दू शाळा. मराठी ते बोलतात आपल्या सगळ्यांसारखं, वाचायचं म्हटलं तर एसटीच्या पाट्यांपुरतं. म्हणून मुलगा उर्दूत लिही. एकदा मधल्या सुट्टीत त्याने मला पत्र दाखवलं, शुद्धलेखन बघायला. बकरीला दोन पिल्लं झाली. छोटीचा पुढचा दात पडला. गणितात २५ पैकी २१ मिळाले. पावसात मागची कौलं उडाली होती, मामूंनी घालून दिली. तुम्ही जेवता का? दोन ठिकाणी नुक्ते राहिले होते, तेवढे मी दाखवले.

अशी चार पत्रं गेली. उत्तर एकाचंही नाही. पुढच्या भेटीत आईने विचारलं तेव्हा कळलं, की अब्बांना एकही पत्र मिळालेलं नाही. खिडकीवर चौकशी केली तर सांगण्यात आलं, की पत्रं तपासल्याशिवाय कैद्याला देत नाहीत आणि उर्दू वाचणारा इथे कोणी नाही. मराठीत लिहा म्हणावं.

ती माझ्याकडे आली ती एक टाइप केलेला अर्ज घेऊन. कचेरीजवळच्या टायपिस्टकडून करून आणला होता. "टीचर, माका वाचूक येता, पन असला लिवूक जमना नाय. तुमी जरा बगून देवा." अर्ज नेहमीच्या साच्यातला. मी गरीब स्त्री असून, माझ्या पतीस पत्रे देण्याची सवलत मिळावी, आपले फार उपकार होतील, ही नम्र विनंती.

तो कागद वाचताना मला माझा वर्ग आठवला. उर्दू शाळेत आम्ही मुलांना दरख्वास्त लिहायला शिकवतो. एक दिवसाची रजा हवी असली तरी शेवटी लिहायचं, "ऐन नवाजिश होगी". म्हणजे फार मोठी कृपा होईल. मराठीच्या तासाला तेच मूल लिहितं, "आपला आज्ञाधारक". भाषेची ही अदब चांगलीच आहे, तिच्याविरुद्ध माझं काही नाही. पण ताप आलेल्या मुलाला रजा मिळणं ही कृपा नसते, आणि बापाला मुलाचं पत्र मिळणं हीही नसावी. मागण्याची भाषा एकच शिकवली, तर माणूस जन्मभर सगळंच उपकार म्हणून मागत राहतो. आणि उपकार नाकारणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही.

मालवणच्या न्यायालयात काम करणारे एक वयस्क वकीलसाहेब आहेत. विधी सेवा समितीच्या शिबिरासाठी ते एकदा आमच्या शाळेत आले होते. अर्ज घेऊन आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, यात सवलत हा शब्द आहे तो काढा आधी." मग त्यांनी संझगिरींची गोष्ट सांगितली. कपाटातून निकाल काढून दाखवला. इंग्रजी निकालातलं पुस्तकाचं मराठी नाव बोट ठेवून वाचून दाखवलं, 'अणूच्या अंतरंगात'. म्हणाले, "तपासण्याचा अधिकार तुरुंगाला आहे. पत्रात काही भलतंसलतं असेल तर ते अडवतील. पण तपासता येत नाही म्हणून पत्र ठेवूनच द्यायचं, हे कुठल्या नियमात आहे, तेवढं विचारा."

नवा अर्ज मी मराठीत लिहिला. त्यात गरिबी नव्हती, उपकार नव्हते. अमुक अमुक तारखांना चार पत्रं पोस्टाने पाठवली आहेत. ती कैद्याला मिळालेली नाहीत. ती कोणत्या नियमाने रोखली, ते लेखी कळवावं. नियम नसेल तर पत्रं कैद्याला द्यावीत. तपासणी सोपी व्हावी म्हणून प्रत्येक पत्राचं मराठी भाषांतर सोबत जोडत आहोत. एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. भाषांतरं मी केली आणि खाली सही केली. बकरीची पिल्लं, छोटीचा दात, गणिताचे गुण, सगळं मराठीत उतरवलं. मूळ पत्रं मुलाला तोंडपाठ होती.

सही करायला आई कचरली. तिची भीती साधी होती. "तकरार केलव तर आत तेंका तरास दितले." ही भीती कुणीही हसण्यावारी नेऊ नये. तुरुंगातला माणूस चोवीस तास ज्याच्या ताब्यात असतो, त्याच्याचविरुद्ध त्याला तक्रार करायची असते. बाहेरच्या माणसाला पोलिसांची तक्रार करून घरी येता येतं. कैद्याला तक्रार करून त्याच बराकीत, त्याच किल्लीखाली झोपायचं असतं. वकीलसाहेब तिला म्हणाले, "म्हणूनच प्रत दुसरीकडे पाठवायची. आपल्यावर बाहेरच्या कुणाची नजर आहे हे कळलं, की माणूस जपून वागतो."

पाच आठवड्यांनी पत्रं अब्बांना मिळाली. चारही एकदम. लेखी उत्तर आजतागायत आलेलं नाही.

त्यानंतर मी या विषयावर जमेल तसं वाचत गेले. तुरुंगातून लिहिणं हे आपल्या दोन्ही भाषांना नवीन नाही. टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, सानेगुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या. मौलाना आझादांनी अहमदनगरच्या किल्ल्यात 'गुबार-ए-खातिर'ची पत्रं लिहिली. मित्राला उद्देशून लिहिलेली ती पत्रं पोस्टात पडू शकली नाहीत. सुटका झाल्यावर १९४६ मध्ये पुस्तक म्हणून आली. हसरत मोहानींनी तुरुंगात चक्की दळली आणि शायरीही केली. ही नावं आपण अभिमानाने घेतो. पण ते राज्य परक्यांचं होतं. तिथे कैद्याने सोसायचं आणि सुटल्यावर छापायचं, एवढाच मार्ग होता. संझगिरींचं वेगळेपण असं, की त्यांनी स्वतंत्र देशात, आपल्याच सरकारला, घटना हातात घेऊन विचारलं. त्यांच्यानंतर तुरुंगाच्या भिंतीआडून असे प्रश्न विचारणारे बरेच झाले, आणि त्यांतले सगळे काही विद्वान किंवा निरपराध नव्हते.

एम. एच. होसकोट हे विद्यापीठात शिकवणारे गृहस्थ. बनावट पदव्यांच्या प्रकरणात त्यांना शिक्षा झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने निकालाची प्रत त्यांच्यासाठी येरवडा तुरुंगाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. पण ती होसकोटांच्या हातात पडल्याची सही कुठेच नव्हती. ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले तेव्हा चार वर्षांहून जास्त उशीर झाला होता. ऑगस्ट १९७८ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली. मात्र त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी घालून दिलं, की तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळाली पाहिजे, तुरुंगाने ती देऊन कैद्याची सही घेतली पाहिजे, आणि वकील परवडत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळाला पाहिजे. होसकोट स्वतः हरले. पण आज एखाद्या गरीब कैद्याला निकालाची प्रत फुकट मिळते त्यात त्यांचा वाटा आहे.

सुनील बत्रा तिहार तुरुंगात होते, फाशीची शिक्षा झालेले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांना पत्र लिहिलं. स्वतःसाठी नाही, पैसे उकळण्यासाठी दुसऱ्या एका कैद्याचा वॉर्डरने अमानुष छळ केला, ते कळवायला. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. डिसेंबर १९७९ च्या निकालात तुरुंगांत तक्रारपेट्या ठेवा, न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात, कैद्यांना त्यांचे हक्क सांगणारी पुस्तिका हिंदीत छापून द्या, असे आदेश आले. कैद्याला कळेल त्या भाषेत, हा विचार तेव्हाच झाला होता.

आणि संझगिरींचा तो आर्थर रोड तुरुंग. २८ जून २००८ रोजी तिथे बॉम्बस्फोट खटल्यांतल्या कच्च्या कैद्यांना मारहाण झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जुलै २००९ मध्ये न्यायालयाने तुरुंग प्रशासनाने गरजेपेक्षा जास्त बळ वापरल्याचं म्हटलं आणि अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. त्या काळात अशा आरोपींची वकिली करणारे शाहिद आझमी स्वतः तिहारमध्ये काही वर्षं काढून आलेले होते. ११ फेब्रुवारी २०१० रोजी मुंबईत त्यांच्या कार्यालयात त्यांचा खून झाला.

जुलै २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यातले एक आरोपी अब्दुल वाहिद शेख. मुंबईतले शाळाशिक्षक, माझ्याच पेशातले. नऊ वर्षं आत काढून सप्टेंबर २०१५ मध्ये ते निर्दोष सुटले. त्यांनी तुरुंगातल्या दिवसांवर उर्दूत पुस्तक लिहिलं, 'बेगुनाह कैदी'. पुढे ते इतर भाषांतही गेलं. उरलेल्या बारा जणांना शिक्षा झाली होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांनाही निर्दोष ठरवलं. तोवर त्यांतला एक जण तुरुंगातच वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत वापरायचा नाही, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावं लागणार नाही. एकोणीस वर्षं गेली. ज्यांची माणसं त्या संध्याकाळी गाडीत मेली, त्या घरांनाही उत्तर मिळायचं राहिलं आहे. त्यांचंही दुःख आपलंच मानायला हवं.

आमच्या स्टाफरूममध्ये यावर बोलणं निघालं तेव्हा एका सहकारी सरांनी विचारलं, "ज्याच्या घरी चोरी झाली त्याला कोण विचारतं? चोराला मात्र हक्क." प्रश्न खोटा नाही. पण शिक्षा किती आणि कसली, हे न्यायालय ठरवतं. पाच वर्षं कैद म्हणजे पाच वर्षं कैद. त्यात वरून मार, उपाशी ठेवणं, मुलाचं पत्र न देणं हे न्यायाधीशांनी लिहिलेलं नसतं. ते खालच्या कुणीतरी आपल्या मनाने जोडलेलं असतं. आणि आमच्या मुलाच्या अब्बांना तर अजून शिक्षाच झालेली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी सांगते, की देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत. म्हणजे चारांतल्या तिघांवर अजून काही सिद्ध व्हायचं आहे. त्यांत आपल्या समाजाचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त आहे, हे वर्षानुवर्षं छापून येतं. आपण ते वाचून उसासा टाकतो आणि पान उलटतो.

मोहल्ल्यात तरी आपण काय करतो? एखादा माणूस आत गेला की त्याच्या घराशी बोलणं कमी होतं. लग्नाचं आमंत्रण जातं, पण उशिरा. मुलीचं ठरत आलेलं मोडतं. कुराणात सूरह अल-इन्सानमध्ये मिस्कीन आणि यतीम यांच्याबरोबर कैद्याला जेवू घालणाऱ्यांचं कौतुक आहे. जकातीची यादी करताना आपण मिस्कीन आठवतो, यतीम आठवतो. तिसऱ्यापाशी आपली वही संपते. बद्रच्या लढाईतल्या लिहिता-वाचता येणाऱ्या कैद्यांनी मदिन्याच्या मुलांना शिकवून सुटका मिळवली, असं सीरतच्या पुस्तकांत येतं. शत्रूच्या कैद्याला शिक्षक करणारा दीन आपला.

आणि हजरत युसूफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा तर मदरशातल्या लहान पोरालाही माहीत आहे. ते आत होते, बेकसूर. सुटून जाणाऱ्या सोबत्याला त्यांनी सांगितलं, बादशहाजवळ माझी आठवण काढ. तो विसरला आणि वर्षं गेली. हा भाग आपण सांगतो. पुढचा सांगताना घाई करतो. बादशहाचं बोलावणं आलं, दार उघडलं गेलं, तेव्हा युसूफ लगेच बाहेर पडले नाहीत. आधी त्या बायकांची चौकशी करा म्हणाले. माफी नको होती, खरं काय ते समोर यायला हवं होतं. सातवीच्या वर्गात हा किस्सा सांगताना आता मी तिथे थांबते.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरातलं, शेजारातलं माणूस आत असेल, तर मला कळलेल्या दोन-चार गोष्टी सांगते. कोठडीत असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. त्यासाठी गरिबीचा दाखला लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे, ते न्यायालयाच्या आवारातच बसतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पूर्वी कधीही कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने, गुन्ह्याला असलेल्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे, आणि इतरांना निम्मा काळ झाल्यावर. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, एकाहून जास्त खटले चालू असतील तरी अडचण येते. म्हणून वकिलाला विचारावं. अर्ज कधीही तोंडी करू नये. प्रत ठेवावी, पोच घ्यावी, तारीख लिहावी. कोणी नाही म्हणालं तर आवाज न चढवता विचारावं, कोणत्या नियमाने? नियम असेल तर तो मानावा. आपला दीनही कायदा मोडायला सांगत नाही. पण नियम नसेल, तर ती गोष्ट मागायची नसते, ती आपलीच असते.

मुलगा आता आठवीत गेला आहे. उर्दूत पत्र लिहितो आणि मागच्या बाजूला स्वतःच मराठी भाषांतर करतो. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते. मोहल्ल्यातल्या दोघांनी मिळून जामिनाची सोय करायचं ठरवलं आहे, कागदपत्रं चालली आहेत. त्याच्या आईने शंभर पानी वही केली आहे. एका रकान्यात पत्र पाठवल्याची तारीख, दुसऱ्यात अब्बांना मिळाल्याची. दोन तारखांतलं अंतर पहिल्यांदा पाच महिने होतं, आता पंधरा दिवसांवर आलं आहे. वहीच्या शेवटच्या पानावर तिने खटल्याची पुढची तारीख लिहून ठेवली आहे.